बोलती वही

"काकू, हरकत असेल तर हात वर करा," मगदूम म्हणाला. "नसेल तर आहात तशाच बसा. म्हणजे तुमचं मौनही राहील आणि माझं कामही होईल."

काउंटरवर माझ्यासमोर दोन डिस्क होत्या. एक जुनी, माझ्या सुनेच्या लॅपटॉपच्या पोटातून काढलेली, पत्त्यांच्या जोडाएवढी आणि हाताला जड. तिच्यावरचा कंपनीचा पांढरा कागद एका कोपऱ्यात सुटला होता. दुसरी नवी कोरी, खोक्यातली, इतकी हलकी की खोकं रिकामंच आहे असं वाटावं.

"परत एकदा सांगतो," तो म्हणाला. "ही जुनी जात्यासारखी. आत तबकडी फिरते. फिरून फिरून हिचा खुंटा सैल झालाय असं समजा. आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे ही कंपनीला परत द्यायची. वॉरंटी शनिवारी संपतीय, त्याच्या आत गेली तर कंपनी हिच्याच जातीची दुसरी पाठवील, फुकट. पण मग ही परत मिळायची नाही, आणि हिच्यात जे काय साठवलंय तेही नाही. दुसरी वाट, ही नवी विकत घ्यायची. हिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे बिघडणारंही कमी. मग जुनी तुमच्याकडंच राहती. ताईंनी काय ठरवलंय मला ठाऊक नाही. त्यांचा फोन बंद लागतोय."

दाराशी स्टुलावर कुरियरचा माणूस बसला होता. मांडीवर पाकिटांची पिशवी.

"मगदूमशेठ, आटपा. साडेअकराला आमची गाडी सुटती. परत मी पुढच्या गुरुवारी."

"अरे थांब की जरा. मौन आहे काकूंचं."

"बरंय की मग. आमच्या घरात एकीनं तरी धरावं."

माझा उजवा हात जपाच्या गोमुखीत होता. मणी सरकत होते. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी हात वर केला नाही.

मगदूमाने थोडा वेळ वाट पाहिली. मग जुनी डिस्क उचलली, फुगेफुगे असलेल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, पाकिटात घातली आणि वरून चिकटपट्टी ओढली. चिकटपट्टीचा तो चर्रर्र आवाज मला अजून येतो. घरात कोणी पार्सल बांधायला घेतलं की मी उठून मागच्या अंगणात जाते.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मिरजेत आम्ही तेव्हाही याच घरात राहत होतो. मी, माझा मुलगा अमोघ आणि सून ऋजुता. अमोघचे वडील गेल्यानंतरच्या आषाढीपासून मी चातुर्मासात गुरुवारचं मौन धरायला लागले. पहाटे उठल्यापासून दुपारी दत्ताला नैवेद्य दाखवीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बाकी रोजचे नेम होतेच. दहा माळा जप, विष्णुसहस्रनाम, कांदालसूण वर्ज्य. मुळात माझा आवाज बारीक. आमच्या आळीत म्हणत, काकूंच्या तोंडून कधी नकार ऐकला नाही. हे सगळे कौतुकाने म्हणत आणि मलाही ते कौतुकच वाटे.

गुरुवारी घराबाहेर पडताना मी एक छोटी वही बरोबर घ्यायची. दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. वरती तिथी लिहायची आणि खाली काय हवं असेल ते. दूधवाल्याला, फुलवालीला पान उघडून दाखवलं की काम व्हायचं. अमोघ तिला बोलती वही म्हणे. "आई गप्प असते तेव्हाच तिचं म्हणणं नीट कळतं," असंही तो म्हणे, आणि ऋजुता त्याला कोपराने ढोसे.

ऋजुता गडहिंग्लजची. आवाज यथातथा, पण कान असा की कुकरची शिट्टी कुठल्या सुरात आहे ते सांगायची. तंबोऱ्याची जवारी हा तिच्या प्रबंधाचा विषय. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी घोडी असते ती कानशीने घासून घासून तिच्यावर तारेचा आवाज मोकळा करायचा, ही जवारी. वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत हुसेनचाचा म्हणून एक ऐंशीच्या घरातले कारागीर होते. मोठमोठी माणसं आली, कॅमेरे आले, चाचांनी कोणाला उंबरा ओलांडू दिला नाही. हिला दिला. का दिला ते तीही सांगू शकत नव्हती. नऊ महिने रोज दुपारी ती त्यांच्याशेजारी चटईवर बसायची. चाचा घोडी घासत, तारेखाली सुती दोरा सारत (त्या दोऱ्याला 'जीव' म्हणतात, हे मला तिच्याकडून कळलं), तार छेडत आणि मधेमधे बोलत. ती सगळं रेकॉर्ड करायची आणि घरी येऊन लॅपटॉपवर उतरवायची. पहिल्या काही महिन्यांचं तिने दुसरीकडेही ठेवलं होतं. शेवटच्या दोन महिन्यांचं राहून गेलं. तेव्हा आजच्यासारखं सगळं आपोआप कुठेतरी साठत नसे. आणि त्या शेवटच्या दोन महिन्यांतच चाचांनी आजवर कोणाला न सांगितलेलं तिला सांगितलं. वैशाखात चाचा गेले. त्यांचा मुलगा वाद्यं विकतो, करत नाही.

श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी जेवताना अमोघ म्हणाला, "आई, हिच्या बडोद्याच्या नोकरीचं जवळजवळ नक्की झालं. हिने दिवाळीच्या आत प्रबंध दिला की डिसेंबरात रुजू व्हायचं. माझ्या कंपनीचं ऑफिस आहे तिथे, मला बदली मिळेल."

"छान झालं," मी म्हटलं.

"तूही चल."

"आणि देव?"

"देवही चलतील की. रेल्वेत त्यांना अर्धं तिकीट."

ऋजुता म्हणाली, "तुम्ही थट्टा करू नका हो. आई, तुम्ही खरंच चला. तिथेही दत्ताचं मंदिर आहे, मी विचारून ठेवलंय."

मी हसले. त्याला वाढलं, तिला वाढलं, आणि संध्याकाळची कणीक भिजवायला आत गेले. कणीक मळून झाली होती तरी मळत राहिले.

लॅपटॉप बिघडला तो श्रावणातल्या एका मंगळवारी. आतून टक टक असा आवाज यायला लागला. ऋजुताने तो लगेच बंद केला आणि कोपऱ्यावरच्या मगदूमाकडे नेऊन ठेवला. हा मुलगा चांगला. जैन, नेमधर्माचा, कामाला चोख. बुधवारी संध्याकाळी गडहिंग्लजहून फोन आला की तिच्या वडिलांच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेलंय. ती नेसत्या कपड्यांनिशी एसटीत बसली. तासाभराने बसमधूनच तिने मला फोन केला. मागे गाडीची घरघर होती.

"आई, ऐकू येतंय का? मगदूमांचा फोन लागत नाहीये. उद्या सकाळी ते लॅपटॉपचं विचारतील. नवी डिस्क कुठली घालायची ते."

"बरं."

"कुठलीही घाला म्हणावं. फक्त जुनी कंपनीला परत द्यायची नाही. फुकट बदलून मिळते म्हणतील, तरी नको. जुनी घरी घेऊन या. पुण्यात एकजण आहेत, ते बंद पडलेल्या डिस्कमधलं काढून देतात. चाचांचे शेवटचे दोन महिने तिच्यातच आहेत, आई. दुसरीकडे कुठेच नाहीत."

"कळलं गं."

"लिहून ठेवता ना?"

"लक्षात राहील माझ्या. तू वडिलांकडे बघ."

उद्या गुरुवार आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं.

सकाळी दत्ताच्या देवळातून येताना मी फुलवालीकडे थांबले. दुसऱ्या दिवशी श्रावणी शुक्रवार, जिवतीची पूजा. मी वही उघडली, तिथी लिहिली, खाली लिहिलं, 'उद्या आघाडा आणि दूर्वा.' तिने अक्षरं लावून लावून वाचलं आणि म्हणाली, "आणते की माय." तिथून मी मगदूमाकडे गेले. त्याने मला बघून खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडे वळवला. मी ओठांवर बोट ठेवलं तसं त्याने दोन्ही हात जोडले.

"गुरुवार नाही का. माझ्या आईचंही पर्युषणात असतं. खुणासुद्धा करत नाही ती. म्हणती, खूण म्हणजे बिनआवाजाचं बोलणंच."

मग त्याने ऋजुताला फोन लावला. बंद. अमोघला लावायला बाहेर रस्त्यावर गेला, दुकानात रेंज धड मिळत नव्हती. पाच-सात मिनिटांनी आत आला.

"अमोघसाहेब म्हणतात, ऋजुताने आईला सांगून ठेवलंय, आईलाच विचारा." तो जरा हसला. "आता तुम्हाला विचारायचं कसं? व्रत मोडायला लावायचं पाप आपल्याकडून नको. आमच्या आईला कळलं तर जेवायला वाढायची नाही."

आणि मग त्याने ती युक्ती काढली. हरकत असेल तर हात वर करा.

कुरियरवाला गेल्यावर मी घरी आले. सोवळं नेसले, स्वयंपाक केला. बरोबर बारा वाजता दत्ताला नैवेद्य दाखवला आणि मौन सोडलं. मौन सोडताना पहिला शब्द देवाचा घ्यायचा असतो. तोही मी घेतला.

संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. वडिलांना धोका नव्हता. दोन दिवसांत घरी सोडणार होते.

"आई, मगदूमांकडे गेला होतात ना? दिली नाही ना जुनी?"

मी म्हटलं, "अगं, आज गुरुवार. माझं मौन होतं."

पलीकडून दवाखान्यातली कसलीशी गाडी ढकलल्याचा आवाज येत राहिला.

"त्यांनी विचारलं, मला सांगता येईना," मी म्हटलं. "कुरियर घेऊन गेला."

"गुरुवार," ती म्हणाली. "माझ्याच लक्षात नाही आलं. माझंच चुकलं, आई. मी अमोघना सांगायला हवं होतं."

यातला माझा एकही शब्द खोटा नव्हता. गुरुवार होता, मौन होतं. पोथी वाचणाऱ्या बायकांना खरं बोलण्याची चांगली सवय असते.

दुसऱ्या दिवशी मी जिवतीची पूजा केली. लेकरं जवळ नसली तर त्यांच्या दिशेने अक्षता टाकायच्या अशी रीत आहे. मी चारी दिशांना टाकल्या, आणि मूठभर जास्त गडहिंग्लजच्या दिशेने.

ती परत आली ती सरळ मगदूमाच्या दुकानात गेली. दोघांनी मिळून तीन आठवडे कंपनीला फोन केले. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. शेवटी कोणीतरी बाई चांगली बोलणारी भेटली. तिने सांगितलं की परत आलेल्या डिस्क मोजून एकत्र करतात आणि नष्ट करतात, त्यांची चौकशी होत नाही. त्याच दिवशी बदली डिस्क आली. जुनीच्याच जातीची, तशाच पांढऱ्या कागदाची, आत काही नसलेली. ऋजुताने ती दोन्ही हातांनी कानाशी धरली. का धरली कुणास ठाऊक. मग मगदूमाला दिली आणि म्हणाली, "घाला."

त्या रविवारी मगदूम त्याच्या आईला घेऊन आमच्या घरी आला. म्हातारी काठी टेकत आली होती. पांढरं लुगडं, ओठ सारखे णमोकार म्हणत हलणारे.

"ह्याच्याकडनं तुमच्या सुनेचं नुकसान झालं," ती म्हणाली. "माफी मागाय आलोय."

"ताई, मला वाटलं व्रत मोडायला नको," मगदूम म्हणाला. तो ऋजुताकडे बघत नव्हता, फरशीकडे बघत होता. "मी आठवडाभर थांबायला पाहिजे होतं. वॉरंटी गेली तर गेली. पाकीट मी चिकटवलं. झोप नाही मला."

ऋजुता म्हणाली, "मगदूमभाऊ, तुमचा काही दोष नाही. कोणाचाच नाही."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी उकळलेलं पाणी आणलं, जैनांना लागतं तसं गाळून. म्हातारीने पेला हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं व्रत तरी टिकलं. देव बघतो."

देवळातल्या बायकांमध्येही ते पसरलं. भजनाला गेले की कोणीतरी म्हणायचंच, "व्रत असावं तर काकूंसारखं. सुनेचं एवढं नुकसान झालं, पण तोंडातून शब्द काढला नाही." एकदा एका नव्या मुलीने माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.

दिवाळीच्या आत प्रबंध झाला नाही. मार्गदर्शक म्हणाले, आहे त्यावर लिही, पण शेवटचं प्रकरण नसेल तर त्याला अर्थ नाही. बडोद्याची जागा कोणा दुसऱ्याला मिळाली. ऋजुताने इथल्याच एका शाळेत संगीत शिकवायचं काम धरलं. अमोघने बदलीचा अर्ज मागे घेतला. घर होतं तसं राहिलं. संध्याकाळी दिवा लावला की तीन पानं मांडायची, तीन माणसं जेवायची.

कार्तिकात द्वादशीनंतर मौनाचं उद्यापन करायचं मी ठरवलं. पाच वर्षं पुरी झाली होती. मौनाच्या उद्यापनाला घंटेचं दान सांगितलं आहे. जो इतके दिवस गप्प राहिला त्याने नाद द्यायचा. ऋजुता म्हणाली, "घंटा मी आणते, आई. नुसती चकचकीत बघून घेऊ नये." तिने सांगलीच्या भांडीबाजारात अकरा घंटा वाजवून बघितल्या आणि एक निवडली, दिसायला अगदी साधी.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी पुढच्या सोप्यात बसलो होतो. मी वाती वळत होते. ती म्हणाली, "बाकीच्या सामानाची यादी करून टाकू. तुमची वही घेते."

मी हो म्हटलं. कोनाड्यातून तिने वही काढली, पेन्सिल सोडवली आणि कोरं पान शोधत पानं उलटायला लागली. उलटता उलटता थांबली.

मी मान वर केली नाही. ती कुठल्या पानावर थांबली ते मला न बघता कळलं.

आता सांगते. मगदूम अमोघला फोन लावायला रस्त्यावर गेला तेव्हा मी गोमुखीतून हात काढला होता. वही उघडली होती. फुलवालीला दाखवलेल्या पानाच्या पुढचंच पान. तिथी पुन्हा लिहिली, कारण ती माझी सवय. खाली लिहिलं, 'जुनी डिस्क देऊ नका. ऋजुताचा निरोप आहे. जुनी मला द्या.' देऊ नका याच्या खाली रेघही ओढली. वही मांडीवर उघडी ठेवून मी त्याची वाट बघत बसले. तो आत आला. अमोघ काय म्हणाला ते त्याने सांगितलं, व्रताचं सांगितलं, आणि सांगता सांगता काउंटरवरची धूळ फडक्याने पुसत म्हणाला, "ताई हुशार हो तुमच्या. बडोद्याला चालल्यात असं अमोघसाहेब म्हणत होते. मग घरात तुम्ही एकट्याच की काकू."

मी वही मिटली. पिशवीत टाकली. हात परत गोमुखीत घातला.

एवढंच. त्याला दोन क्षणसुद्धा लागले नाहीत. मौन मला आड येत नव्हतं. मौनाच्या आड मी गेले होते.

ऋजुताने ते पान किती वेळ वाचलं मला सांगता येणार नाही. माझ्या हातून एक वात वळून झाली, दुसरी तुटली. मग तिने ते पान घडीवर नखाने दाबून सावकाश फाडलं, उलटं केलं आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला लागली. लिहिताना मोठ्याने म्हणत होती. "घंटा आहे. तीळ पावशेर. कापसाची वस्त्रं. नारळ पाच. गुरुजींना धोतरजोडी. आणखी काय, आई?"

"सुपाऱ्या," मी म्हटलं.

"सुपाऱ्या," तिने लिहिलं, आणि कागद माझ्या हातात दिला. "गुरुजींना तुम्हीच नेऊन द्या."

मी नेऊन दिला. गुरुजींनी यादीवर नजर टाकली आणि कागद पंचांगात ठेवला.

उद्यापनाला फार माणसं नव्हती. अमोघ, ऋजुता, भजनातल्या चौघी आणि मगदूम, त्याच्या आईला घेऊन. त्याला मी बोलावलं नव्हतं, ऋजुताने बोलावलं. दोघं मायलेक मागे सतरंजीवर बसले होते. गुरुजी माझ्यासमोर. मांडलेलं सामान बरोबर आहे ना ते बघायला त्यांनी पंचांगातून यादी काढली आणि डोळ्यांसमोर धरली. यादीची बाजू त्यांच्याकडे होती. माझं अक्षर असलेली बाजू माझ्याकडे होती. रेघ ओढलेलं 'देऊ नका' दिव्याच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. शेजारी बसलेल्या ऋजुतालाही दिसत असणार. ती समोरच बघत होती.

होम झाला, घंटेची पूजा झाली. गुरुजींनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं.

"आता उदक सोडायचं," ते म्हणाले. "त्याआधी व्रतात काही उणं राहिलं असेल, जाणूनबुजून, नकळत, तर ते मनातल्या मनात देवाला सांगा. म्हणजे दोष राहत नाही."

ऋजुताने विचारलं, "गुरुजी, मोठ्याने सांगितलं तर चालतं का?"

गुरुजी हसले. "चालतं की. उलट जास्त चांगलं. पण पंचवीस वर्षांत अजून कोणी सांगितलेलं नाही."

भजनातल्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "काकूंच्या व्रतात काय उणं असणार."

मागे मगदूमाची आई णमोकार म्हणत होती. मगदूमाचा खाकरल्याचा आवाज आला. ऋजुता माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. कुणी तार लावत असताना ती कान द्यायची, तशी ती बसली होती, मान जराशी कलती करून.

ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गळायला लागलं होतं.

मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं.

पाणी ताम्हनात सोडलं. ऋजुताने पळी उचलून गुरुजींच्या हातात दिली. घंटा देवळात द्यायच्या आधी तिने ती दोरीने धरून एकदाच वाजवली. नाद सोप्यातून माजघरात गेला, परत आला, बारीक होत होत राहिला. सगळ्यांना वाटलं संपला. कोणी बोलायला लागलं तेव्हा तिने हात वर केला. आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "आता संपला. चाचा म्हणायचे, नाद कुठे सुरू होतो ते कोणालाही कळतं. कुठे संपतो ते ऐकायला बसावं लागतं."

तिच्या तोंडून चाचांचं वाक्य मी ऐकलं ते तेवढंच. रेकॉर्डिंगमध्ये तसलं चाळीस तासांचं बोलणं होतं म्हणे.

नंतर मी मौन धरलं नाही. कोणी विचारलं तर वय झालं म्हणते. ऋजुताने मला कधी काही विचारलं नाही, आणि तिच्या वागण्यात एका केसाचाही फरक पडला नाही. माझ्या एकादशीला वऱ्याचे तांदूळ-दाण्याची आमटी तीच करते. गेल्या साली माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला दर दोन तासांनी उठत होती. थेंब घालताना एकदा मी म्हटलं, "ऋजुता, मला तुला..." ती म्हणाली, "हं, आई?" आणि ड्रॉपर तसाच धरून थांबली. मी म्हटलं, "काही नाही, झोंबलं जरा."

ती विचारेल म्हणून मी थांबले. मी सांगेन म्हणून ती थांबली असावी.

मगदूमाने त्या वर्षीपासून दुकानात एक पाटी लावली आहे. गिऱ्हाइकाच्या लेखी परवानगीशिवाय जुनी डिस्क परत पाठवली जाणार नाही. माझ्याकडून त्याने कधी कामाचे पैसे घेतले नाहीत. मी पुढे केले की हात जोडतो. त्याची आई गेल्या फाल्गुनात गेली. आपल्या मुलाच्या हातून एका पोरीचं नुकसान झालं हे मनात घेऊन गेली. तिला आता हे लिहिलेलं दाखवता येणार नाही. त्याला दाखवता येईल. उद्या त्याच्याकडे जाणार आहे.

आज गुरुवार आहे. सकाळपासून मी हे त्या बोलत्या वहीत लिहीत बसले आहे, दुपारचा नैवेद्य उशिरा झाला. शाळा सुटली की ऋजुता पाच-सव्वापाचला येते. आल्यावर आधी पर्स टेबलावर ठेवते, मग हातपाय धुते. तिचं टेबल मी पुसून घेतलंय. वही त्याच्यावर ठेवते आहे. उघडी.